सायबाच्या दगडाखाली

मुकुटबनच्या बाजारात भांड्यांच्या दुकानापुढं पोतं अंथरून बसतो तो नजीर. भांड्यांवर नावं टाकणं हा त्याचा धंदा. वय अडुसष्ट, डोळ्यांवर जाड चष्मा, हातात बोटभर छिन्नी, आणि राग कायम नाकाच्या शेंड्यावर. लग्नाची भांडी घेतली की लोक थाळ्या, गुंड, पराती आणून त्याच्यापुढं ठेवतात आणि म्हणतात, चाचा, नाव टाका. नजीर विचारतो, "कोणाचं?" पोरीचा बाप छाती काढून स्वतःचं नाव सांगतो, आणि तिथंच भडका उडतो. "काहून? परातीत कणीक तू मळशीन का? भांडं पोरीले देऊन राह्यला अन् नाव आपलं टाकून राह्यला! ज्याचा हात लागन त्याचं नाव पडन. नसन पटत त उचल तुही परात!" गिऱ्हाईक तणतणत उठून जातं आणि पुढच्या बाजाराला गुपचूप परत येतं, कारण नजीरसारखं अक्षर अख्ख्या झरी तालुक्यात दुसऱ्या कोणाचं नाही.

ज्याचा हात, त्याचं नाव. हे वेड त्याच्या घरात चार पिढ्यांचं. आणि ते लावून गेला एक स्कॉटलंडचा डॉक्टर.

त्याचं नाव डंकन मॅक्रे. समुद्राकाठच्या कुठल्याशा गारठ्याच्या गावातल्या मास्तरचा मुलगा. चोविसाव्या वर्षी सर्जन होऊन हिंदुस्थानात आला, चार वर्षं पलटणीत काढली, मग सरकारनं इकडं धाडला. तेव्हा जिल्ह्याचं नाव यवतमाळ नव्हतं, वणी होतं. झरीच्या बाजूला ना रस्ता ना पूल, नुसतं जंगल. सायब तट्टावर, आणि मागं तंबू, औषधांच्या पेट्या, हत्यारं असं सगळं बिऱ्हाड तांड्यातल्या बंजाऱ्यांच्या बैलांवर. देवीची लस टोचायची, वाघानं फाडलेला लाकूडतोड्या शिवायचा, मोतीबिंदू काढायचा, सडलेला पाय कापायचा. माणूस गुणाचा, पण संतापी. पाणी नीट उकळलं नसलं की पातेलं लाथेनं उडवायचा. बायको सोबत आणली होती. ती बिचारी दोन उन्हाळे निभावली आणि तिसऱ्यात तापानं गेली. वणीकडं कुठंशी तिला पुरली. डोकं मावळतीला, पाय उगवतीला, त्यांच्या धर्मात असतं तसं. खड्डा खणायला सायबासोबत एकच माणूस होता, इमामबक्ष.

हा इमामबक्ष म्हणजे नजीरचा पणजा. मूळचा कल्हईवाला. लाथा खाल्लेल्या पातेल्यांना कल्हई लावायला आला आणि सायबानं त्याचे हात पाहिले. तापल्या भांड्यावर कापूस फिरवताना बोट म्हणून हलत नव्हतं. सायब म्हणाला, हा हात भांड्यात वाया चाललाय. ठेवून घेतला ड्रेसर म्हणून. आधी पट्टी बांधायला शिकवलं, मग टाके घालायला. पुढं एका सडक्या जखमेचं विष सायबाच्याच उजव्या हातात चढलं. हात वाचला, पण बोटं आखडून गेली. सर्जनची बोटंच गेली, मग राहिलं काय? राहिला इमामबक्ष. त्यानंतर नऊ वर्षं चाकू धरला तो कल्हईवाल्यानं. सायब खांद्यामागं उभा राहून सांगायचा, शिव्या घालायचा, आणि इमामबक्ष कापायचा, शिवायचा. रात्री सायब डाव्या हातानं सरकारला अहवाल लिहायचा, इतके पाय कापले, इतके डोळे उघडले. खाली सही डंकन मॅक्रे. इमामबक्षचं नाव एका ओळीतसुद्धा नाही.

संवत छप्पनच्या, म्हणजे १८९९-१९०० च्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर पटकी आली. माणसं पटापट मरायला लागली. गोरे अधिकारी नागपूरकडं सरकले, सायब सरकला नाही, हे त्याचं देणं त्याला द्यायलाच पाहिजे. महिनाभर लढला आणि त्याच पटकीनं गेला. इमामबक्षनं त्याला नाल्याकाठी मूठमाती दिली आणि चौथ्या दिवशी स्वतः गेला. तांड्यातल्या लोकांनी आणि मुकुटबनच्या दोघा-चौघा मुसलमानांनी त्याला सायबाच्या शेजारी पुरलं. दोन वर्षांनी नागपूरहून सायबाच्या नावाचा कोरीव दगड आला. इमामबक्षसाठी कुठून काय यायचं?

दोन कबरींच्या मधोमध एक कडुनिंब उभा आहे. तांड्यात अजून रीत आहे, जखम भरली की जखमेची धुतलेली पट्टी त्या झाडाला बांधायची. पट्टी कोणाची, सायबाची की इमामबक्षची, असा हिशेब तांड्यानं कधी केला नाही.

नजीर आठ वर्षांचा असताना बाप वारला आणि आई त्याला घेऊन माहेरी आदिलाबादला गेली. ती सांगायची, आपले पणजे सायबाच्या बाजूला झोपले आहेत, मोठा झाला की जा. अठराव्या वर्षी तो परत आला, नाल्यावर गेला आणि पाहिलं. निंबाच्या एका अंगाला सिमेंटचा चौकोनी चबुतरा, त्यावर सायबाचा दगड. दुसऱ्या अंगाला काळ्या दगडांचा ढीग, त्यावर काही नाही. विचारायची गरजच पडली नाही. चबुतरा सायबाचा, ढीग आपला. तेव्हापासून पन्नास वर्षं दर जुम्मेरातीला, म्हणजे गुरुवारी, नजीरनं त्या ढिगावर फुलं वाहिली, फातिहा पढला, आणि परत फिरताना दर वेळी नव्यानं चबुतऱ्याकडं पाहून दात खाल्ले.

आता यंदाची गोष्ट. यवतमाळात एक वारसा समिती निघाली. अध्यक्ष विमलताई, निवृत्त मुख्याध्यापिका, बाई हुशार आणि कामाची. तिनं मॅक्रेसायबाचे जुने अहवाल शोधले, चाळीस पानांची पुस्तिका काढली. सायबाच्या भावाची पणती स्कॉटलंडहून येणार असं ठरलं. मग काय विचारता! नाल्याकाठी बाग, कमान, सायबाच्या नावाची पाटी, पेव्हर ब्लॉक, गाड्या लावायला जागा. नजीरची नात कशफ कॉलेजला जाते, तिनं ती पुस्तिका आणून आजोबाला वाचून दाखवली. चाळीस पानांत इमामबक्ष एकदाच आला. 'सायबांसोबत एक स्थानिक नोकर असे.'

नजीरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं तो यवतमाळात.

"बाई, नोकर?" दारातूनच त्यानं सुरुवात केली. "नऊ साल चाकू त्याच्या हातात होता. तुमचा सायब मांगं उभा राहून गाल्या देत होता. अन् नोकर?"

विमलताईंनी त्याला बसवलं, चहा दिला. मग शांतपणे म्हणाल्या, "चाचा, तुमच्या भावना मला समजतात. पण इतिहासाला कागद लागतो. सायबांच्या एकाही अहवालात तुमच्या पणजोबांचं नाव नाही."

"लिवणारा सायबच होता न! तो कायले टाकते दुसऱ्याचं नाव? चोरालेच पुसता काय, माल कोणाचा म्हणून?"

"असं बोलू नका, चाचा. मोठा माणूस होता तो."

"मोठा होता, मी नाई म्हणतो काय? मले फक्त एक ओळ पायजे. त्या पाटीवर एक ओळ."

"पाहू."

"अन् आमची कबर? तिथं तुम्ही गाड्या लावून राह्यले म्हणते पोरगी."

"ती कबर आहे असं तुम्ही म्हणता. नकाशात तिथं नुसता दगडांचा ढीग आहे. पाहू आपण, नक्की पाहू."

पाहू! सरकारी असो की समितीचा, हा शब्द आला की समजावं, तोंडाला पानं पुसली. नजीर तो चहा तसाच ठेवून उठला. घरी आल्यावर जैबुनबी, त्याची बायको, म्हणाली, "एवढे तणतणू नका. रक्तदाब वाढन." नजीर म्हणाला, "वाढू दे. आपल्या माणसाच्या छातीवर मोटारी लावून राह्यले, अन् मी रक्तदाबाच्या गोळ्या खात बसू?"

जुम्मेरात उजाडली. पाहुणी शनिवारी येणार होती. नजीर आणि जैबुनबी फुलांची पुडी, अगरबत्ती आणि दुपारची भाकर घेऊन नाल्यावर पोचले, तर जेसीबी आधीच चालू. अर्धा ढीग खरवडून बाजूला पडलेला. मशीनवर तांड्यातला सुनील, ज्याच्या पायावर कुऱ्हाड बसली तेव्हा त्याच्या आईनं याच निंबाला पट्टी बांधली होती.

"अबे ए!" नजीर असा ओरडला की निंबावरचे कावळे उडाले. अडुसष्टाचा म्हातारा धावत सुटला आणि उरलेल्या ढिगावर चढून उभा राहिला. "घाल! घाल माझ्याच अंगावर! तुह्या पायाची पट्टी कोणाच्या झाडाले हाये रे, नमकहराम?"

सुनीलनं घाईनं मशीन बंद केलं. घाईत बकेट फिरली आणि चबुतऱ्याच्या कोपऱ्याला धडकली. सिमेंटचा हातभर टवका उडाला. "चाचा, मले सांगतलं तेच करून राह्यलो," तो खाली उतरत म्हणाला. "ताईनं म्हणलं, सपाट कर."

ताई तिथंच होती. कमानीची मापं घेत होती, आवाज ऐकून लगबगीनं आली. "चाचा, खाली या. पडाल. आपण बसून बोलू."

"मी नाई उतरत. कागद आणा म्हणता न? हे घ्या, मीच कागद!"

इकडं हा तमाशा चालला आणि जैबुनबी मात्र खाली वाकून विखुरलेले दगड गोळा करत होती. गोळा करता करता थांबली. जेसीबीनं खरवडलं होतं तिथं मातीत काळ्या दगडांची एक ओळ उघडी पडली होती. हातानं नीट बसवलेले दगड, कबरीची कड असते तशी. ती त्या ओळीनं चालत गेली, परत आली, सूर्याकडं पाहिलं, पुन्हा ओळीकडं पाहिलं.

"अजी," ती म्हणाली. "उतरा जरा. हे पाहा."

"काय पाहू?"

"ही कबर उगवती-मावळती हाये."

नजीरला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि तो उतरला. मुसलमानाची कबर उत्तर-दक्षिण असते. डोकं उत्तरेला, पाय दक्षिणेला, तोंड काबेकडं. हे पोरालाही माहीत असतं, त्यात चूक होत नाही. आणि ही, तो पन्नास वर्षं जिच्यावर फातिहा पढत आला ती, डोकं मावळतीला आणि पाय उगवतीला अशी होती. नुसता ढीग होता तोवर कोणाला दिशा कळणार?

तो तसाच चबुतऱ्याकडं गेला. सिमेंट उडालं होतं तिथं आत जुना चुना दिसत होता. खिशातली छिन्नी काढून त्यानं हळूहळू सिमेंट सोडवायला घेतलं. सुनीलनं लोखंडी सब्बल आणली. घटकाभरात चौकोनी सिमेंटच्या पोटातून एक अरुंद, लांबट, चुन्याचा ओटा निघाला. उत्तर-दक्षिण. उत्तरेच्या टोकाला वीतभर कोनाडा, आणि कोनाड्यात दिव्याची काजळी.

जैबुनबीनं त्या काजळीला बोट लावलं. "माझी सासू सांगत होती. ह्याइच्या दादानं, म्हणजे आज्यानं, आपल्या बापाच्या कबरीवर चुन्याचा ओटा बांधला, डोक्याकडं दिवा ठेवाले कोनाडा केला. मी म्हणलं, पुरात वाहून गेला असन."

विमलताईंचा चेहरा उतरला. पुराची हकीकत त्यांनीच पुस्तिकेत लिहिली होती. नजीर आदिलाबादला होता त्या वर्षांत नाल्याला मोठा पूर आला, सायबाचा दगड आडवा पडून गाळात गेला, मग सरकारी गवंडी आले आणि त्यांनी दगड काढून 'सायबांच्या चबुतऱ्यावर' पुन्हा सिमेंटात बसवला. "म्हणजे तेव्हा..." त्या पुटपुटल्या. "दोन कबरी दिसल्या असतील. एक बांधलेली, एक साधी. त्यांना वाटलं असणार, बांधलेली आहे तीच साहेबाची."

नजीर हसायला लागला. खो खो हसला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला, आणि हसता हसता आपल्याच हातानं आपल्या तोंडात मारून घेतली. एकदा, दोनदा. जैबुनबीनं हात धरला.

"सोड! गवंड्याले काय माहीत? तो परका होता. ह्या बाईले बी काय माहीत? पण मी? मी काहून तेच समजलो? चबुतरा पाह्यला अन् म्हणलं सायबाचा. ढीग पाह्यला अन् म्हणलं आपला. कोणं शिकवलं मले असं? माझ्या दादानं उपाशी राहून चुना आणला असन, अन् मी त्या चुन्याकडं पाहून पन्नास साल दात खाल्ले! थू माझ्या जिंदगानीवर!"

विमलताई जवळ आल्या, आवाज खाली करून म्हणाल्या, "चाचा, एक सुचवू का? परवा पाहुणी येतेय. आत्ता हे बाहेर गेलं तर समितीचं हसं होईल. पण बघा ना, तुमच्या पणजोबांना चबुतरा आहे, त्यावर दगड आहे, शनिवारी हार पडणार आहेत. तुम्हाला हवं होतं ते एका अर्थी मिळालंच की. आणि हा ढीग..." त्या थांबल्या. जेसीबीकडं त्यांनी पाहिलंही नाही, पण सगळ्यांना कळलं.

सुनीलनं डोकं खाजवलं. "खरंच चाचा. तुमचा त वाचला. हा तुमचा नाहीच. मंग करू का सपाट?"

बघा, किती सोपं होतं. सव्वाशे वर्षांचा सूड हातात आयता येऊन पडला होता. ज्यानं नाव गिळलं त्याच्यावर मोटारी उभ्या राहिल्या असत्या, आणि ज्याचं गिळलं त्याला फुलं मिळाली असती. नजीरनं फक्त गप्प बसायचं होतं. आणि गप्प बसणं त्याला उभ्या जन्मात जमलं नव्हतं.

तो चालत ढिगाकडं गेला. अर्ध्या उरलेल्या दगडांवर मांडी घालून बसला.

"चाचा, आता कायले?" सुनील वैतागला. "तो त सायब हाये न!"

"सायब हाये म्हणूनच!" नजीर कडाडला. "अबे, ह्याचं डोकं मावळतीले कोणं केलं? माझ्या पणज्यानं. गावात माणसाले माणूस हात लावत नव्हता, तवा त्यानं एकट्यानं खड्डा खंदला. आपल्या रीतीनं नाई निजवला ह्याले, ह्याच्या रीतीनं निजवला. बायकोच्या वक्ती पाह्यलं होतं, ते ध्यानात ठेवलं. अन् त्याच्यावर मी मोटारी लावू देऊ? पन्नास साल फातिहा ह्याच्यावर पढला मी. आता हा माझाच झाला. बाई, कागद मांगत होत्या न तुम्ही? ह्या खड्ड्याची दिशा पाहा. एका बी अहवालात नाई, ते इथं लिवलं हाये. पटकीत सायबाले सोडून न गेलेला माणूस म्हणजे नोकर नसते, बाई."

विमलताईंनी त्या दगडांच्या ओळीची दिशा सूर्याशी ताडून पाहिली.

नजीरनं जैबुनबीकडं हात केला. "थाळी दे."

तिनं फडक्यातून भाकर बाहेर काढली आणि स्टीलची थाळी त्याच्या हातात दिली. त्यानं ती गुडघ्यावर पालथी घेतली, छिन्नी टेकवली, आणि लहानशा हातोडीनं टक टक सुरू केलं. छिन्नी लागली आणि बोटं स्थिर झाली. घराण्याचाच हात तो. सायबाचं नाव त्यानं पूर्ण टाकलं, डॉक्टर डंकन मॅक्रे, एकेक अक्षर भरीव. मग थाळी दोन दगडांच्या बेचक्यात उभी करून ठेवली.

"हे मी टाकलं. फुकट टाकलं," तो म्हणाला. "आता तिकडचं."

"तिकडचंही तुम्हीच टाका ना, चाचा," विमलताई म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला होता. "तुमच्यासारखं अक्षर कोणाचं आहे?"

"नाई. मी नाई टाकत. नाव तुम्ही पुसलं, तुम्हीच लिवा. तुमच्या पुस्तकात लिवा, तुमच्या पाटीवर लिवा, अन् शनवारी त्या पाहुण्या बाईले बी तुमच्या तोंडानं सांगा, का तुह्या सायबाची बोटं आखडली तवा कोणाची चालत होती. तोवर मी इथून उठत नाई. चालवा जेसीबी."

विमलताईंनी पिशवीतून पुस्तिका काढली. पेन काढलं. ती 'एक स्थानिक नोकर असे' ओळ शोधली आणि तिच्यावर आडवी रेघ मारली. वर थोडी कोरी जागा होती, तिथं पेन टेकवलं आणि थांबल्या.

"इमामबक्ष. आणि आधी काय लिहू, चाचा? ड्रेसर? सहायक?"

"चाकू कोणाच्या हातात होता?"

"त्यांच्या."

"मंग? ज्याचा हात त्याचं नाव. डॉक्टर लिवा."

विमलताईंनी एकदा चुन्याच्या ओट्याकडं पाहिलं, आणि लिहायला लागल्या. सुनीलनं जेसीबीची चावी काढून खिशात टाकली. जैबुनबीनं फुलांची पुडी सोडून निम्मी फुलं ढिगावर टाकली आणि निम्मी घेऊन ओट्याकडं गेली.

नजीर मात्र उठला नाही. "आधी दाखवा," तो हात पुढं करून म्हणाला. "पाहू द्या काय लिवलं ते."